जाळीतले अध्यक्ष

सिरोंकाच्या पोटात पहिली कळ आली, तेव्हा तो पाहुण्यांना चौथा नियम समजावून सांगत होता.

“राखीव रानात गाडीतून खाली उतरायचं नाही,” तो म्हणाला. “टोपी पडली, चष्मा पडला, कॅमेरा पडला, तरी नाही. पडलेली वस्तू रानाची.”

“आणि माणूस पडला तर?” ओगोलाकाकांनी विचारले.

“माणूस पडला तर...” सिरोंका मध्येच थांबला आणि त्याने सुकाणू दोन्ही हातांनी घट्ट धरले. प्रश्नाच्या खोलीमुळे तो थांबला असे काकांना वाटून त्यांना मोठे समाधान झाले. वस्तुतः खोली प्रश्नाला नव्हती, कळेला होती.

त्या कळेचा उगम शोधायचा तर आदल्या संध्याकाळपर्यंत मागे जावे लागते. सिरोंकाच्या थोरल्या भावाच्या मुलीचे नाव ठेवण्याचा समारंभ होता आणि भावाच्या सासूने सिरोंकाच्या हाती मुरवलेल्या दुधाचा तुंबा दिला. असा तुंबा नाकारणे म्हणजे देणारीच्या गाईंना नावे ठेवणे. सिरोंकाने तो रिकामा केला. म्हातारीने कौतुकाने दुसरा भरून दिला. त्यातले थोडे त्याने मोठ्या शिताफीने आपल्या शुकेवर, म्हणजे खांद्यावरच्या लाल चौकड्यांच्या शालीवर, सांडू दिले. परंतु उरलेले पुष्कळ होते, आणि ते केव्हा मुरवायला घातले होते हे विचारण्याची सोय नव्हती.

आता, रानात हिंडणाऱ्या माणसाचे पोट बिघडणे ही काही जगबुडी नव्हे. इतर कोणीही गाडी आडोशाला लावून मोकळा झाला असता. परंतु सिरोंका इतर कोणी नव्हता. तो मारा या राखीव रानातल्या गाइड मंडळाचा अध्यक्ष होता आणि मंडळाचे सगळे नियम त्याने स्वतः, एकेका स्वल्पविरामावर वाद घालून, रचले होते. गाडीतून उतरणाऱ्या गाइडचा बिल्ला मोसमभरासाठी जप्त करावा हा दंडही त्याचाच. बिल्ल्याशिवाय पाहुणे नेता येत नाहीत, आणि तो बिल्ला सदैव छातीवर, दर्शनी भागी असला पाहिजे, हे पोटकलमही त्याचेच. गेल्या मोसमात मुतिसो नावाचा गाइड एका पाहुणीची उडालेली टोपी आणायला खाली उतरला होता. “ती टोपी काय बिबट्या घालणार होता?” असे भर सभेत विचारून सिरोंकाने त्याचा बिल्ला काढून घेतला, आणि मुतिसोने तो सबंध मोसम छावणीच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलत काढला.

येत्या शनिवारी सिरोंकाला सुवर्ण बिल्ला मिळायचा होता. जुना रौप्य बिल्ला परत करायचा आणि नवा घ्यायचा, अशी रीत होती. तो रौप्य बिल्ला या क्षणी शुकेवर, बरोबर छातीच्या डाव्या बाजूला चमकत होता. आणि त्याच्या खाली, वीतभर अंतरावर, दुसरी कळ आली.

“सिरोंका, तुला घाम आलाय,” मागून आकेलोबाई म्हणाल्या. “सकाळच्या गारठ्यात?”

आकेलोबाई किसुमू शहरातल्या एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका होत्या. त्या आयुष्यात कधी खोटे बोलल्या नव्हत्या आणि समोरच्यालाही बोलू देत नसत. त्यांचे यजमान ओगोलाकाका सरोवरावरच्या फेरीबोटीत तिकीट तपासनीस होते. घरात एका बाजूला सत्याचा एवढा साठा झाल्यावर समतोल राखण्यासाठी जे करावे लागते ते त्यांनी निष्ठेने केले होते. त्यांच्या गोष्टींतले मासे बोटीहून मोठे असत. मुलांनी दोघांना ही सहल भेट दिली होती. काकांना सर्वच पाहायचे होते. बाईंना फक्त बिबट्या पाहायचा होता.

“जन्मभर फळ्यावर बिबट्या काढून पोरांना शिकवलं,” त्या म्हणाल्या होत्या. “एकदा खरा बघू दे. माझं कुठं चुकत होतं ते तरी कळेल.”

तिसऱ्या कळेला सिरोंकाने गाडी थांबवली. उतरायला परवानगी असलेली जागा विमानांच्या धावपट्टीपाशी होती आणि धावपट्टी नदीपलीकडे होती. नदीपर्यंत जाण्याइतका अवकाश निसर्गाने ठेवलेला नव्हता. डाव्या हाताला क्रोटनच्या झुडपांची एक दाट जाळी होती, उजव्या हाताला, रस्त्यापलीकडे, एक जुने रानअंजिराचे झाड. सिरोंकाने जाळीचे शास्त्रशुद्ध निरीक्षण केले. मातीत ताजा माग नव्हता. त्याने दारावर थाप मारली, शीळ घातली, टाळी वाजवली. आतून एकही पक्षी बिचकला नाही. जाळी रिकामी आहे असे त्याने अनुमान काढले. ते अनुमान अचूक होते आणि पुढे जे काही घडले त्याने ते खोटे ठरले नाही, एवढे त्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे. झाडाकडे मात्र त्याने पाहिले नाही. त्या घटकेला त्याचा विषय जाळी हा होता.

“बाई, मी जरा टायर बघून येतो,” तो म्हणाला.

“टायर गाडीला आहेत, सिरोंका. तू झुडपाकडे बघतोयस.”

“अगं, त्यांच्यात तसं म्हणतात,” काका कुजबुजले.

सिरोंकाने हात जोडले. “बाई, मी तुमच्या मुलासारखा. कोणी गाडी घेऊन आलं तर एवढं सांभाळा. मला कोणी खाली बघितलं तर माझा बिल्ला गेलाच.”

“मी खोटं बोलणार नाही.”

“बोलू नका. काहीच बोलू नका!” हे शेवटचे शब्द जाळीतून ऐकू आले.

मग वळणापाशी धूळ दिसली.

“आली गाडी,” काका म्हणाले. “आणि आपली गाडी बिनड्रायव्हरची. बाहेरून दिसणार की नाही?” असे म्हणून ते, वयाला न शोभणाऱ्या चपळाईने, मधल्या फटीतून पुढे सरकले आणि सुकाणूमागे बसले. सिरोंकाची टोपी समोर पडली होती ती त्यांनी डोक्यावर दाबली. छावणीतून पाहुण्यांना थंडीसाठी दिलेले पांघरूणही लाल चौकड्यांचेच होते. ते त्यांनी खांद्यावरून घेतले आणि दुर्बीण डोळ्यांना लावली.

“तुम्ही हे काय करताय?” बाईंनी विचारले.

“मी एक शब्द बोललो का? बसलोय नुसता. बसणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.”

बाईंनी या विधानाचा विचार केला. त्यात कुठेतरी चूक होती, पण ती सापडण्यापूर्वी गाडी जवळ आली. गाडी मुतिसोची होती.

मुतिसोने जे पाहिले ते असे: अध्यक्षांची गाडी इंजिन बंद करून उभी आहे, अध्यक्ष दुर्बीण लावून पुतळ्यासारखे बसले आहेत, आणि मागे एक वयस्क बाई श्वास रोखून, ओठ घट्ट मिटून, जाळीवर नजर खिळवून बसली आहे. रानात वर्षानुवर्षे काढलेल्या माणसाला याचा अर्थ कोणी सांगावा लागत नाही. सिंह दिसला की पाहुणे ओरडतात, हत्ती दिसला की हसतात. ओठ मिटतात ते एकाच प्राण्यासाठी.

“अध्यक्ष, ठिपकेवाला का?” त्याने हलक्या आवाजात विचारले.

काकांनी दुर्बीण न काढता एक बोट ओठांवर ठेवले.

मुतिसोला तेवढे पुरे झाले. त्याने रेडिओ उचलला आणि तोंडाजवळ नेऊन म्हटले, “ठिपके. अंजिराच्या झाडासमोरची जाळी. अध्यक्ष स्वतः बसलेत.”

ही बातमी दुसऱ्या कोणाच्या नावावर निघाली असती तर निम्म्या गाइडांनी ती थट्टेवारी नेली असती. परंतु अध्यक्षांनी आयुष्यात कधी मांजराला वाघ म्हटले नव्हते. रानाच्या चारी दिशांना सिंहांपाशी, गेंड्यांपाशी, न्याहारीपाशी थांबलेल्या गाड्यांची तोंडे एकदम वळली.

इकडे सिरोंकाचे काम आटोपले होते. मोकळ्या पोटाने आणि मोकळ्या मनाने तो उठणार, तोच पानांच्या फटीतून त्याला एका गाडीचे नाक दिसले. त्याच्या शेजारी दुसरे नाक येऊन थांबले. तिसऱ्या गाडीच्या छपरातून लांबलचक कॅमेऱ्याची नळी बाहेर आली आणि सावकाश फिरत फिरत बरोबर त्याच्या दिशेला स्थिर झाली. सिरोंकाचे डोळे पांढरे झाले. तो होता तसा खाली बसला.

लाल रंग! हिरव्या जाळीत लाल शुका म्हणजे निशाणच. त्याने ती खांद्यावरून ओढून काढली, चुरगळून घट्ट बोळा केला आणि पायांखाली दडपला. आता अंगात मातकट रंगाचा सदरा उरला. हे लोक कंटाळून जातील, असे त्याने स्वतःला बजावले. मग त्याला पाचवा नियम आठवला. बिबट्यापाशी एका वेळी पाचच गाड्या, प्रत्येकीला दहा मिनिटे, बाकीच्यांनी रांगेत थांबावे. हा नियमही त्यानेच केला होता, आणि गर्दी कितीही झाली तरी कोणालाही निराश होऊन परत जावे लागू नये हाच त्याचा उदात्त हेतू होता. पानाआडून त्याने रांग पाहिली. ती वळणापलीकडे गेली होती. नियम अतिशय उत्तम चालत होता.

“मला दिसला!” कोणीतरी कुजबुजले. “कान दिसला, कान!”

“कुठं?”

“ते वाळकं पान आहे ना, त्याच्या मागं. हलला बघा.”

“मादी आहे,” दुसऱ्या गाडीतला गाइड अधिकारवाणीने म्हणाला. “पोटुशी दिसतीय.”

सिरोंकाच्या मस्तकात तिडीक गेली. इतक्या अंतरावरून, पानाआडच्या एका कानावरून, मादी आणि तीही पोटुशी! अशा बेजबाबदार निदानाविरुद्ध त्याने मंडळात दोनदा भाषण केले होते. उठून त्या इसमाची चांगली हजेरी घ्यावी अशी त्याला विलक्षण इच्छा झाली. ती त्याने महत्प्रयासाने आवरली.

एवढ्यात मुंग्या आल्या. रानातल्या काळ्या मुंग्या ओळीने चालतात आणि वाटेत जे येईल ते चावतात. अध्यक्ष वाटेत आले होते. पहिली पोटरीला डसली. सिरोंकाने दात आवळले. मग अख्ख्या ओळीने एकमताने ठराव केला, आणि सिरोंकाचा पाय आपोआप झटकला गेला. जाळी मुळापासून हलली.

गाड्यांतून एकच मोठा सुस्कारा निघाला. कॅमेरे कडकडले. एक पाहुणी रडू लागली आणि आपण आनंदाने रडतो आहोत असे तिने सर्वांना सांगितले.

“बाई,” मुतिसोने शेजारच्या गाडीतून हळूच विचारले, “तुम्हाला नीट दिसला होता का हो? नर की मादी?”

आकेलोबाईंनी काहीच न बोलण्याचे ठरवले होते, पण मुख्याध्यापिकेला चुकीचे उत्तर हवेत तरंगत ठेवणे सहन होत नाही.

“नर,” त्या म्हणाल्या.

ही बातमी गाडीगणिक रांगेच्या शेवटापर्यंत गेली. तिथे ती पोचली तेव्हा नर चांगला मोठा, मानेवर जुन्या जखमेची खूण असलेला होता.

त्याच सुमारास वनरक्षकांची जीप आली आणि तिच्यात उभ्या असलेल्या सार्जंट वारियोंनी रांगेचा ताबा घेतला. वारियो उत्तरेच्या वाळवंटाकडचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी घड्याळ पाहिले, गाड्या पाहिल्या आणि जीप अध्यक्षांच्या गाडीला भिडवली.

“अध्यक्ष, तुमची वेळ केव्हाच संपली.”

काकांनी ओठांवर बोट ठेवले.

“बोट काय दाखवता? नियम तुमचाच ना? निघा आता. मागं लोक ताटकळलेत.”

काकांनी दुर्बिणीआडून बायकोकडे पाहिले. त्या नजरेत पन्नास वर्षांच्या संसारात बाईंनी कधी न पाहिलेली गोष्ट होती: काकांना पुढे काय बोलावे ते सुचत नव्हते. गाडी हलली नाही तर वारियो वाकून तोंड पाहणार. गाडी हलवायची तर ती चालवता यायला हवी, आणि काकांनी जन्मात सायकलखेरीज काही चालवले नव्हते. आणि चालवली, तरी जाळीतल्या माणसाचे काय? बिबट्याच्या रानात त्याला पायी सोडून जायचे?

बाईंच्या डोळ्यांसमोर एकाच वेळी दोन गोष्टी उभ्या राहिल्या. एक, शाळेच्या दारावरची पाटी, जिच्यावर त्यांनी स्वतः ‘सत्यमेव’ या अर्थाचे वाक्य रंगवून घेतले होते. दुसरी, “मी तुमच्या मुलासारखा” असे म्हणत जोडलेले हात. त्या उठून गाडीच्या उघड्या छपरातून कमरेपर्यंत वर आल्या आणि जो आवाज ऐकून दोन पिढ्यांच्या मुलांनी मैदानाच्या टोकाला खेळ थांबवला होता, तो आवाज त्यांनी काढला.

“सगळ्यांनी मागं वळा! झाडावर! झाडावर बघा, बिबट्या!”

एका झटक्यात सगळ्या माना, सगळे कॅमेरे आणि सार्जंट वारियो वळले. कोणाचीही चूक नव्हती; तो आवाज ऐकून वळले नाही तर छडी बसते, असे प्रत्येकाच्या पाठीला कुठूनतरी माहीत होते. जाळी फुटली. सिरोंका वाकून, धापा टाकत, एक पाय झटकत धावला आणि बाईंनी उघडलेल्या मागच्या दारातून आत कोसळला. बाईंनी त्याला कॉलर धरून ओढले, दार लावले आणि त्या मटकन खाली बसल्या.

“मी खोटं बोलले,” त्या म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. “या वयात.”

“माझ्यासाठी बोललात, बाई. तुमचे उपकार...”

“गप्प बस. आता ते वळतील आणि विचारतील, कुठाय बिबट्या. काय सांगू मी?”

पण कोणी वळेना. बाहेर विलक्षण शांतता पसरली होती. इंजिन नाही, कुजबूज नाही. बाईंनी भीत भीत मान वर केली. गाड्यांतली सगळी माणसे आ वासून अंजिराच्या झाडाकडे पाहत होती, आणि सुकाणूमागे काकांच्या हातातली दुर्बीण मांडीत गळून पडली होती.

“आकेलो,” काका खोल गेलेल्या आवाजात म्हणाले, “झाडावर बिबट्या आहे.”

“पुरे. मी एकदा बोलले तेवढं बस झालं.”

“अगं, खरंच आहे. आडव्या फांदीवर. आता उठला.”

“तुमच्या बोटीएवढा असेल,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. या क्षणी काकांची एखादी गोष्ट ऐकण्याची ताकद त्यांच्यात नव्हती.

वास्तविक बिबट्या पहाटेपासून तिथेच होता. ते त्याचे रोजचे झाड होते. ज्यांचा धंदाच पाहण्याचा, असे दोन डझन गाइड त्याच्याकडे पाठ करून बसले होते, कारण प्रत्येक जण आधीचा जिकडे पाहत होता तिकडे पाहत होता. आता मात्र एवढे डोळे एकदम आपल्यावर खिळलेले त्याला रुचले नाही. तो डुलत डुलत खोडावरून उतरला आणि दोन गाड्यांच्या मधून रस्ता ओलांडून समोरच्या जाळीत शिरला.

“गेला जाळीत,” मुतिसो म्हणाला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. “पण जाळीत तर आधीचा नर आहे.”

सगळे श्वास रोखून दोन बिबट्यांची झुंज ऐकण्यासाठी कान टवकारून बसले. झुंज ऐकू आली नाही. कोणीतरी कापड ओढावे तसा आवाज मात्र आला.

गाडीच्या मागच्या भागात, दोन आसनांच्या मध्ये, सिरोंकाने तो आवाज ऐकला आणि सवयीने छातीच्या डाव्या बाजूला हात नेला. हाताला फक्त सदरा लागला.

“बाई,” तो म्हणाला. मग त्याने मान वर करून जाळीकडे पाहिले.

जाळीतून बिबट्या बाहेर आला. त्याच्या तोंडात एक लाल चौकड्यांची शुका होती. मुरलेल्या दुधाचा वास त्याला स्पष्टच आवडला होता. मध्येच थांबून त्याने तिचा खांद्याकडचा भाग मन लावून चाटला, मग बोळा पुन्हा तोंडात धरला आणि, वराचे उपरणे मागे लोळावे तशी एक बाजू जमिनीवरून फरफटवत, तो अध्यक्षांच्याच गाडीसमोरून चालत निघाला. इतक्या जवळून की त्याची शेपटी पुढच्या दिव्याला घासली. शुकेच्या कडेला काहीतरी चांदीसारखे लखलखले.

आकेलोबाईंनी डोळे उघडले होते. त्यांनी पाहिले. त्या आसनावरून हळूच उठल्या, आणि बिबट्या झाडावर चढून, शुका फांदीवर टाकून, तिच्यावर हनुवटी टेकून डोळे मिटेपर्यंत त्यांनी पापणी लववली नाही.

“कान,” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “कान मी फारच मोठे काढत होते.”

मग हळूहळू सर्व गाड्यांतली तोंडे झाडाकडून वळली आणि जो तो आपापल्या गाइडच्या खांद्याकडे पाहू लागला. ज्यांना शुका होती त्यांची जागेवर होती. शेवटी सगळ्या नजरा एका गाडीवर येऊन थांबल्या. तिच्यात सुकाणूमागे अध्यक्षांच्या टोपीत एक अनोळखी म्हातारा बसला होता, आणि मागच्या आसनावर, पाहुण्याच्या जागी, केसांत क्रोटनची पाने अडकलेले अध्यक्ष होते.

सार्जंट वारियोंनी आधी झाडाकडे आणि मग सिरोंकाकडे पाहिले. मग त्यांनी विचारले, “अध्यक्ष, झाडावरची ती शाल कोणाची?”

सिरोंकाला पळवाटा दिसत होत्या. नियमात ‘उतरलेला आढळल्यास’ असा शब्द होता आणि आढळला कोणालाच नव्हता. त्या शब्दाच्या बळावर तो संध्याकाळपर्यंत युक्तिवाद करू शकला असता. पण शेजारी आकेलोबाई बसल्या होत्या, ज्यांनी त्याच्यापायी जन्मातले एकमेव खोटे खर्च केले होते.

“माझी,” तो म्हणाला.

“मी काही बघितलं नाही,” वारियो म्हणाले. “मी वळलो तेव्हा तुम्ही गाडीत. नियमाप्रमाणं मी तुमचा बिल्ला जप्त करू शकत नाही.”

सिरोंकाच्या चेहऱ्यावर क्षणभर प्राण परत आला.

“जप्त कशाला करायचा?” शेजारच्या गाडीतून मुतिसो अत्यंत आदराने म्हणाला. “तो तिथं टांगलेलाच आहे की. दर्शनी भागी. शनिवारी तो परत करून सोन्याचा घ्या, अध्यक्ष. आता तेवढा उतरवून आणायला कोणीतरी...”

“गाडीतून खाली उतरायला पाहिजे,” वारियोंनी वाक्य पुरे केले.

कोणीच हसले नाही. हसण्याला प्राणी बिचकतो, असा सातवा नियम होता. परंतु गाड्या मात्र, इंजिने बंद असूनही, जागच्या जागी हलताना दिसल्या.

“पडलेली वस्तू रानाची,” सिरोंका खाली पाहत म्हणाला.

“असं कसं, अध्यक्ष? एक ना एक दिवस ठिपकेवाला खाली टाकेल की. आमच्या गाड्या रोज इथूनच जातात, लक्ष ठेवू. तोवर स्वयंपाकघरात या. बटाट्याची माझी सुरी अजून तिथंच आहे, चांगली धारेची.” मुतिसोने क्षणभर विचार केला. “आणि ती टोपी काही बिबट्यानं घातली नसती, हे तुमचं खरं होतं. शालीचं मात्र तुम्ही काही म्हणाला नव्हतात.”

छावणीपर्यंत सार्जंट वारियोंनी आपल्या जीपमागून ती गाडी येऊ दिली आणि वाटेत एकदाही मागे वळून पाहिले नाही. सिरोंका बिनबिल्ल्याच्या छातीने गाडी हाकत होता. एकदा त्याने तोंड उघडले, बहुधा चौथ्या नियमातील एका शब्दाविषयी बोलण्यासाठी, आणि पुन्हा मिटले. मागे काकांनी पांघरुणाची घडी घातली आणि ते खिन्न होऊन बसले.

“तुम्हाला काय झालं आता?” बाईंनी विचारले. “सगळं तर बघायला मिळालं.”

“तेच तर. किसुमूला गेल्यावर सांगू काय? बिबट्या शाल पांघरून, बिल्ला लावून चालला होता? शेंबडं पोरगंही विश्वास ठेवणार नाही. जन्मात एक गोष्ट खरी घडली, ती मेली सांगण्यासारखी नाही.” काकांनी बायकोकडे चोरून पाहिले. “जरा पटण्यासारखी करायची तर, थोडं खोटं घालावं लागेल.”

आकेलोबाई खिडकीतून मागे पाहत होत्या. अंजिराचे झाड आता लहान होत चालले होते, आणि त्याच्या पानांत एक लाल ठिपका अजून दिसत होता.

“घाला,” त्या म्हणाल्या.